क्रिएटिनिन २.१ आलं, आता कोणती गोळी बंद करायची?

प्रश्न : माझे बाबा ६१ वर्षांचे, बार्शीजवळ शेती करतात. बऱ्याच वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. परवा किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन २.१ आलं. शेजारचे म्हणतात, बीपीच्या गोळीनंच किडनी जाते, ती बंद करा आणि भरपूर पाणी, शहाळं द्या. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी ते रोज घेतात. डायलिसिस लागेल का?

उत्तर : ताई, बंद करायची ती गुडघ्याची गोळी, आणि आजच. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. दिवसभर उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर आणखीच. माझ्याकडे येणारे शेतकरी ‘कुठलं औषध चालू आहे?’ या प्रश्नाला हिचं नावही घेत नाहीत. अंगदुखीची गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते. पुढच्या वेळी बाबांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. भस्म किंवा काढा चालू असेल तर तोही. गुडघ्याला काय द्यायचं ते तेच ठरवतील, बहुधा बेताचं पॅरासिटामॉल.

बीपीची गोळी मात्र मनानं थांबवू नका. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करतात आणि किडनी जपतात. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा गोळी चालूच ठेवतो, पोटॅशियम तेवढं तपासतो. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण तेव्हा ती काही दिवस थांबवावी लागू शकते.

२.१ वरून या वयात किडनीचं काम, म्हणजे ईजीएफआर, साधारण ३५ निघतं. हा किडनीच्या आजाराचा तिसरा टप्पा. पण एका रिपोर्टवर शिक्का मारू नका. गुडघ्याची गोळी थांबल्यावर क्रिएटिनिन पुन्हा तपासा आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे त्यातून जाणाऱ्या प्रोटीनची, तपासणी करून घ्या. ती बहुतेकांनी केलेलीच नसते, आणि आजार किती वेगानं पुढे सरकेल हे तिच्यावरून बरंच कळतं.

पाणी तहानेनुसार, बळेच पाच लिटर पाजून किडनी धुतली जात नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि कमजोर किडनीला ते पुरेसं बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे रिपोर्ट पाहिल्याशिवाय नको. ‘लो सोडियम’ मीठही नको, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. साधं मीठ दिवसाला चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, आणि ठेचा, पापड, लोणचं त्याच हिशेबात. भाकरी-वरण खुशाल खाऊ द्या. डाळ पूर्ण तोडून माणसं खंगतात.

डायलिसिसचा विचार बहुधा ईजीएफआर १५ च्या खाली, त्रास सुरू झाल्यावर होतो. बीपी १३०/८० च्या आसपास आणि शुगर ताब्यात राहिली, तर ते बरीच वर्षं लांबू शकतं, कित्येकांना लागतही नाही. बाबांना डापाग्लिफ्लोझिन चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. शुगरच्या या गोळीचा किडनीला वेगळा फायदा होतो.