वाचकांचे प्रश्न : कोर्लईचा डोंगर आणि चौलचे बंदर

मागच्या अंकात रेवदंडा-चौल परिसरावर मजकूर दिला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे खाडीपलीकडच्या कोर्लई किल्ल्याबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांनी १५२१ पासून बांधायला घेतला. मग समोरचा एवढा मोक्याचा डोंगर त्यांनी सत्तर वर्षे मोकळा कसा सोडला? (वाचक, रोहा)

त्यांनी तो सोडला नव्हता. त्यावर चढायची त्यांना मुभा नव्हती. चौलचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीचा. रेवदंड्याला कोट बांधायची परवानगी बुऱ्हाण निजामशहाने दिली, कारण त्याला समुद्रमार्गे येणारे अरबी घोडे हवे होते आणि समुद्रावर जोर पोर्तुगीजांचा होता. व्यापाराची सोय दोघांनाही हवी होती, पण डोंगर दुसऱ्याच्या हाती जाणे दोघांनाही परवडणारे नव्हते. म्हणून कोर्लईवर तटबंदी उभारायची नाही, असा समझोता होता. कोर्लईच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या समझोत्यात आणि तो मोडण्यात आहे.

डोंगराचे महत्त्व कळायला नकाशा समोर ठेवा. कुंडलिका नदी पूर्वेकडून येऊन समुद्राला मिळते. उत्तर काठावर रेवदंडा आणि दक्षिण काठावर कोर्लई. कोर्लईचा डोंगर दक्षिणेकडून उत्तरेकडे, थेट खाडीच्या तोंडात घुसलेला आहे. आत येणाऱ्या प्रत्येक गलबताला त्याच्या पायथ्याजवळून जावे लागते. शिडाच्या जहाजाला खाडीत भरती आणि वारा दोन्ही जुळून यावे लागत. तिथे त्याची चाल मंद होई, झटकन वळताही येत नसे. त्या काळच्या तोफांचा नेम लांबवर भरवशाचा नव्हता, पण असे संथ लक्ष्य समोर असेल तर चुकलेला गोळा पाहून पुढचा सुधारायला वेळ मिळतो.

उंचीचा हिशेबही करून पाहा. तीनशे मीटरवरच्या जहाजाला ऐंशी मीटर उंचीवर मारा करायचा तर तोफेची नळी सुमारे १५ अंश वर उचलावी लागेल. जहाजाच्या तोफा कडेच्या झरोक्यांतून डागल्या जात आणि झरोक्याची वरची कड नळीला तेवढी उठू देत नसे. म्हणजे डोंगराखाली आलेले जहाज वरच्यांना जवळपास निरुपद्रवी. उलट बाजूचीही एक अडचण असते. वरच्या तोफेची नळी फार खाली झुकवता येत नाही, गोळा आणि दारू पुढे सरकतात. त्यामुळे अगदी पायथ्याला चिकटून जाणारे जहाज वरच्या माऱ्यातून निसटू शकते. उत्तर टोकाला पाण्यालगत जो तोफांचा मोर्चा आहे, तो ही उणीव भरून काढतो. किल्ला पाहणारे बरेच जण माथ्यावरूनच परततात आणि हा मोर्चा राहून जातो. तसे करू नका.

खाडीचे तोंड किती अडचणीचे आहे, हे पोर्तुगीज १५०८ मध्येच शिकले होते. इजिप्तच्या मामलुकांचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांच्या आरमाराशी चौलच्या खाडीत लढाई झाली. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा याचे जहाज माघार घेताना कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो तिथेच मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांना बसलेला हा पहिला मोठा तडाखा.

१५९४ मध्ये हत्तीमुळे किल्ला पडला, असे गावात सांगतात. यात तथ्य किती? (वाचक, मुरुड)

हत्तीची हकीकत पोर्तुगीजांच्या लिखाणातून आली आहे: लढाईत जखमी झालेला हत्ती दरवाजात अडकला आणि आतल्यांना दार लावता आले नाही. हकीकत जिंकणाऱ्या बाजूची असली तरी तीत अशक्य काही नाही. दरवाजा दाराच्या फळ्यांनी बंद होतो आणि फळ्यांच्या मार्गात अडथळा आला की तट कितीही जाड असो, उपयोग नाही. मात्र किल्ला एकट्या हत्तीमुळे पडला, असे म्हणणे आम्हाला पटत नाही.

आधी काय घडले ते पाहू. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला मोठा वेढा घातला. त्याच वेळी आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. दोन्ही वेढे फसले आणि चौलला तह झाला. पण रेवदंडा जमिनीच्या बाजूने घेणे किती अवघड, हे अहमदनगरला कळून चुकले. पुढे दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने जुना समझोता मोडून कोर्लईवर भक्कम किल्ला उभा केला. आता कोट घेण्याची गरजच उरली नव्हती, बंदराचा गळा आवळला की काम भागत होते.

पोर्तुगीजांनी वाट पाहिली नाही. वसईहून ३०० आणि मुंबईजवळच्या साष्टीहून २०० माणसे आली. आब्रांशेस या सरदाराच्या हाताखाली सुमारे १,५०० पोर्तुगीज आणि तितकेच स्थानिक शिपाई जमले. सप्टेंबर १५९४ मध्ये, म्हणजे पावसाळा सरता सरता, त्यांनी हल्ला केला. किल्लेदार फरहाद खान होता. आमच्या मते निजामशाही फौजेची खरी चूक ही की तटाच्या आत राहून लढण्याऐवजी ती बाहेर उतरली, आणि मागे हटताना शत्रू तिच्या पाठोपाठ दरवाजापर्यंत पोचला. एका दरवाजात पळणारे आणि पाठलाग करणारे एकत्र घुसले की दार लावायचे कोणावर? हत्ती हा त्या गोंधळातला शेवटचा अडसर.

आणखी एक गोष्ट पत्रांत कोणी विचारलेली नाही, पण सांगायला हवी. जिंकल्यावर पोर्तुगीजांकडे एवढा किल्ला राखायला शिबंदी नव्हती. म्हणून मधला बुरूज आणि समुद्राकडचा मोर्चा ठेवून बाकी पाडायचे ठरले होते. आज दिसणारा किल्ला त्यांनी नंतर नव्याने मजबूत केलेला आहे. त्यामुळे समोरचा प्रत्येक दगड ‘निजामशाही’ म्हणून दाखवणाऱ्यांवर विसंबू नका.

किल्ला कोणत्या क्रमाने पाहावा? दोन तास पुरतील का? (वाचक, पुणे)

माथ्यापुरते पुरतील, टोकाच्या मोर्चापर्यंत जायचे तर तीन तास हाताशी ठेवा. अलिबागहून रेवदंडा, मग कुंडलिकेवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लई गाव. कोळीवाड्यातून किनाऱ्याच्या कडेने दीपगृहापर्यंत रस्ता जातो. दीपगृह डोंगराच्या पश्चिम अंगाला आहे, तिथूनच पायऱ्या वर चढतात. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, पण वर सावली जवळजवळ नाही. पिण्याचे पाणी खालूनच न्या.

वर पोचल्यावर आधी किल्ल्याचा आकार लक्षात घ्या. जुन्या कुलाबा गॅझेटियरमधील मोजमाप असे: लांबी २,८२८ फूट, सरासरी रुंदी अवघी ८९ फूट. म्हणजे जवळपास ८६० मीटर लांब आणि २७ मीटर रुंद असा हा पट्टा आहे. अशा जागेची कमजोरी एकच: एका टोकाने शत्रू वर आला की तो सरळ दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊ शकतो. म्हणून आत दोन आडव्या तटभिंती घालून किल्ल्याचे तीन भाग केले आहेत. दरवाजे एकूण अकरा, चार बाहेरचे आणि सात आतले. आतले दरवाजे बाहेरच्यांपेक्षा जास्त का, याचे उत्तर १५९४ मध्येच आहे: एक दार पडले तरी पुढचे लावता यावे.

आधी दक्षिणेकडे जाऊन परत फिरा आणि मग उत्तरेकडे उतरत जा. दक्षिणेची बाजू जमिनीला जोडलेली आहे, धोका तिकडून. प्रत्येक आडव्या भिंतीपाशी थांबून तिच्या दरवाजाच्या आत उभे राहा आणि येणाऱ्याच्या अंगावर कुठून मारा होईल ते पाहा. मधल्या भागात बिनछपराचे चर्च आहे. त्याच्या भिंती चांगल्या उंच उभ्या आहेत. जवळच शंकराचे छोटे मंदिर आणि पाण्याचे बंदिस्त टाके. कोरलेले दगड पाहायचे तर सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर, तिरप्या उन्हात. भर दुपारी अक्षरे सपाट दिसतात. अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून त्यांवर खडू, पीठ किंवा पाणी लावू नये. खडूचे कण दगडाच्या छिद्रांत बसतात आणि निघत नाहीत.

पावसाळ्यात तटाच्या कडेने चालणे टाळा. शेवाळाने पाय घसरतो आणि कठडा अनेक जागी ढासळला आहे. टाक्यांची तोंडे गवतात दिसत नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका.

डोंगरावर झरा नाही. मग शिबंदी पाणी कुठले प्यायची? (वाचक, नागोठणे)

पावसाचे. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका चौरस मीटरवर दोन हजार लिटर. समजा ५०० चौरस मीटरचा उतार आणि छपरे टाक्याकडे वळवली आणि गळती-वाफ जाऊन सत्तर टक्के पाणी हाती लागले, तर सात लाख लिटर होते. माणशी रोज पाच लिटर, पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते, कोरडे दिवस २४० धरले तर माणशी १,२०० लिटर. सात लाखांत पावणेसहाशे माणसे निघतात. मात्र टाकीही तेवढी मोठी हवीत. गणित आमचे आहे, पण अशा किल्ल्याची ताकद तोफांइतकीच टाक्यांवर का ठरत असे, हे त्यावरून दिसेल.

टाके झाकलेले असते ते दोन कारणांनी. ऊन लागले की पाणी उडते आणि उजेड मिळाला की शेवाळ धरते. बिघाड होतो तो गिलाव्यात. आतला चुन्याचा गिलावा एकदा तडकला की पाणी दगडांच्या सांध्यांतून झिरपून जाते आणि वरून काही कळत नाही.

माहितीफलकांवर आणि पुस्तकांत मराठ्यांनी किल्ला घेतल्याचे साल कुठे १७३९, तर कुठे १७४० दिसते. बरोबर कोणते? (वाचक, पेण)

१७३९ हे मोहिमेचे साल, १७४० हे तहाचे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. कोर्लईवर सुभानराव माणकर यांना धाडण्यात आले होते. वसई गेल्यावर चौल (म्हणजे रेवदंड्याचा कोट) एकाकी पडले, मदत यायची तर गोव्याहून समुद्रानेच. अखेर इंग्रजांच्या मध्यस्थीने सप्टेंबर १७४० मध्ये तह ठरला आणि चौल व कोर्लई पोर्तुगीजांनी सोडले. गोव्यातली साष्टी वाचवण्यासाठी त्यांनी ही किंमत मोजली. त्याआधी १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलवर जोर लावला होता, पण तेव्हा तो कोट हाती आला नाही.

मराठ्यांनी बुरुजांची संतांवरून पडलेली नावे बदलली. सान दियोगोचा पुस्ती बुरूज झाला, सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यानंतर त्याला लष्करी महत्त्व उरले नाही.

कोर्लईत अजून पोर्तुगीज बोलतात हे खरे का? (वाचक, डोंबिवली)

पोर्तुगीज नव्हे, तिच्यापासून इथेच घडलेली स्वतंत्र बोली. गावातले ख्रिस्ती लोक तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द बरेचसे पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध तुटूनही ती घराघरांत टिकली. तिथे गेलात तर ‘बोलून दाखवा’ म्हणून कोणाला उभे करू नका.

आमचा गट तटावरची झाडे काढून पडझड सिमेंटने बुजवायचा विचार करतो आहे. काय काळजी घ्यावी? (वाचक, अलिबाग)

आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या. तिच्याशिवाय दगडाला हात लावू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. कायद्याचा बडगा हे एक कारण झाले, पण तज्ज्ञ सोबत नसताना केलेल्या दुरुस्तीने नुकसान कसे होते ते कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वड-पिंपळाचे रोप ओढून काढू नये. मुळे सांध्यांत पसरलेली असतात, ओढताना दगड सोबत येतो. खोड भिंतीलगत कापायचे, पुन्हा फुटेल तसे पुन्हा कापायचे आणि मूळ मरून वाळल्यावर पोकळी भरायची.

सिमेंट नकोच. समुद्राकाठच्या भिंतीत खारे पाणी सतत आत-बाहेर करत असते. चुन्याच्या सांध्यातून ते वाफ होऊन निघून जाते. सांधा सिमेंटचा असेल तर वाट बंद होते, ओल दगडातून बाहेर पडू पाहते आणि पृष्ठभागाखाली मीठ साठून पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंट जागेवर आणि भोवतालचा दगड झिजलेला, असे दृश्य कोकणातल्या बऱ्याच तटांवर पाहायला मिळते.

योग्य साहित्य म्हणजे कळीचा (भट्टीतून निघालेला, न विरवलेला) चुना विरवून, काही आठवडे पाण्याखाली मुरवून, एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग वाळू. वाळू नदीची, धुतलेली. समोर किनारा आहे म्हणून समुद्राची वाळू वापरली तर मीठ आपल्याच हाताने भिंतीत घातल्यासारखे होते. सांधा भरण्याआधी खरवडून, पाणी मारून ओला करावा आणि भरल्यावर निदान आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. उन्हात चुना झटकन सुकला की भुगा होतो. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये काढू नका, नोव्हेंबर ते जानेवारी ठीक.

परवानगी मिळेपर्यंत गटाने प्लास्टिक उचलावे, टाक्यांच्या तोंडाभोवतीचे गवत कापावे आणि प्रत्येक बुरुजाचे वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, एकाच जागेवरून फोटो काढून तारखेसह जपून ठेवावेत. भेग वाढते आहे की स्थिर आहे, हे अशा फोटोंवरूनच ठरवता येते. परवानगीच्या अर्जासोबतही ते जोडा.