वाकायामाचा नकाशा वाचताना

जपानमधला वाकायामा प्रांत (हो, महाराष्ट्राशी २०१३ साली करार झालेलाच) समजून घ्यायचा तर आधी ३० हा आकडा पक्का करा: ९ शहरं, २० नगरं, १ गाव. सगळ्यांचा कारभार स्वतंत्र. ‘गुन’ (नगर-गावांचा नावापुरता गट) मात्र आपला तालुका समजू नका. तिथे तहसीलदार नाही, कचेरी नाही. नगर-गावांच्या पत्त्यात ते नाव लागतं, शहरांच्या पत्त्यात लागत नाही.

नवखे हमखास घसरतात ते सारख्या नावांवर. आरिदा शहर वेगळं, आरिदागावा नगर वेगळं, आरिदा गुन वेगळा, हिदाकाचंही तेच. म्हणून नावापुढचं ‘शी’ (शहर), ‘चो’ (नगर), ‘गुन’ कधीच गाळू नका. जुना नकाशा वापरत असाल तर २००५-०६ची विलीनीकरणं तपासा. २००५ मध्ये आसपासची नगरं-गावं सामावून तानाबे शहर हजार चौरस किलोमीटरच्या वर गेलं, आणि त्यात बहुतांश डोंगर-जंगलच आहे. ‘शहर’ शब्दावर जाऊ नका.

एकुलतं गाव कितायामा प्रांताच्या सलग हद्दीत सापडणारच नाही. ते मिए आणि नारा प्रांतांच्या मध्ये अडकलंय. इथलं लाकूड तराफ्यांवरून नदीने वाकायामातल्याच शिंगू शहराला जायचं, त्यामुळे प्रांत आखताना गाव शिंगूच्या बाजूने राहिलं. रंग भरताना हा ठिपका सुटतोच!