ईएसएच्या भरवशावर खासगी शाळेत प्रवेश घ्यावा का?

प्रश्न : आम्ही ॲरिझोनातील चँडलर येथे राहतो. मुलगी यंदा पहिलीत जाईल, मुलगा तीन वर्षांचा आहे. आम्हाला आवडलेल्या खासगी शाळेची फी वर्षाला १४,००० डॉलर आहे. निम्मी फी राज्याच्या ईएसए खात्यातून (मुलांच्या शिक्षणखर्चासाठी राज्य पालकांना देते त्या पैशाचे खाते) निघेल आणि बाकीची एसटीओ या शिष्यवृत्ती संस्थेला देणगी देऊन करसवलतीच्या रूपाने परत मिळेल, असे मित्र म्हणतात. प्रवेश घ्यावा का?

उत्तर : मित्रांच्या हिशेबाचा पहिला भाग बरोबर आहे, दुसरा कायद्यात बसत नाही. खासगी शाळांसाठी शिष्यवृत्त्या देणाऱ्या एसटीओ संस्थांना दिलेली देणगी ॲरिझोनाच्या करातून थेट वजा करण्याची सोय १९९७ पासून आहे आणि पती-पत्नींना मिळून ती तीन हजार डॉलरच्या आसपास जाते. परंतु ही देणगी स्वतःच्या पाल्यासाठी देता येत नाही, आणि ‘तुम्ही आमच्या मुलीसाठी द्या, आम्ही तुमच्या मुलासाठी देतो’ असे आपसांत ठरवले तर सवलतीचा हक्कच जातो. शिवाय ईएसए घेणाऱ्या मुलाला त्याच काळात एसटीओची शिष्यवृत्ती घेता येत नाही. इतर मुलांसाठी देणगी अवश्य द्या, पण फीच्या हिशेबात ती धरू नका. २०२७ पासून लागू होणारी केंद्राची १,७०० डॉलरपर्यंतची सवलतही देणगीवरच आहे, फीवर नाही.

राहता राहिले ईएसए. २०११ मध्ये दिव्यांग मुलांसाठी सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये सर्वांना खुली झाली आणि पहिलीपासून साधारण सात हजार डॉलर किंवा थोडे अधिक मिळतात. म्हणजे आज तुमच्या खिशातून वर्षाला सात हजार जातील, मुलगा पहिलीत गेला की चौदा हजार. आणि योजना आटली तर अठ्ठावीस हजार, तेही कर भरून हाती आलेल्या पगारातून.

योजना आटण्याची शंका मी उगाच काढत नाही. पालकांना शाळा निवडता यावी का, असे विचारले की लोक बहुधा होकार देतात. पण त्यासाठी सरकारी पैसा खासगी शाळांना द्यावा का, हा प्रश्न मतपत्रिकेवर आला की चित्र पालटते. ॲरिझोनाच्याच मतदारांनी २०१८ मध्ये ईएसएचा विस्तार सुमारे ६५ टक्के मतांनी फेटाळला होता, २०२४ मध्ये केंटकी आणि नेब्रास्कातही कौल विरोधात गेला, आणि गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी या योजनेवर मर्यादा घालण्याचे प्रस्ताव मांडलेले आहेत. योजना उद्या बंद होईल असे मी म्हणत नाही, परंतु मुलगी बारावी होईपर्यंत ती आजच्याच रूपात राहील असे धरून चालणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून दोन्ही मुलांची पूर्ण फी किमान दोन वर्षे ईएसएविना भरता येईल, आणि तरीही सहा महिन्यांचा घरखर्च व निवृत्तीची बचत शाबूत राहील, अशी स्थिती असेल तरच प्रवेश घ्या. कॉलेजसाठीच्या ५२९ या करमुक्त बचत खात्यातून शाळेची फी भरायला कायदा परवानगी देतो आणि २०२६ पासून तिची मर्यादा वर्षाला २०,००० डॉलर झाली आहे. तरी त्या पैशाला हात लावू नका, कारण त्याची वाढ कॉलेजच्या वेळीच खरी कामी येते.

शाळेची अनामत भरण्याआधी चँडलरमधील बेसिससारख्या विनाशुल्क चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) सोडतीत मुलीचे नाव घाला आणि ओपन एनरोलमेंटमधून, म्हणजे हद्दीबाहेरच्या मुलांना प्रवेश देणाऱ्या सोयीतून, शेजारच्या शाळा-डिस्ट्रिक्टमधील चांगल्या सरकारी शाळेतही अर्ज करा. मात्र ईएसएच्या करारावर सही केल्यावर तिला या दोन्ही ठिकाणी शिकता येणार नाही, त्यामुळे तिथले निकाल हाती येईपर्यंत ती सही लांबवा.