ऑर्मोलूला ‘मुलामा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका जुन्या फ्रेंच टी टेबलाच्या इंग्रजी वर्णनाचं मराठी करायचं आहे. त्याच्या कडांना आणि पायांना ‘ऑर्मोलू’ची, म्हणजे सोनेरी केलेल्या ब्राँझची नक्षी आहे. ‘सोन्याचा मुलामा’ लिहिलं तर वस्तू नकली वाटेल का? आणि टेबलाला टीपॉय म्हणावं का?

टीपॉयचं आधी सांगतो. त्यात चहा नाहीच. तीन पायांची ती तिपाई, चारपाईची बहीण. इंग्रजांना त्यात ‘टी’ ऐकू आला आणि इंग्लंडात पायांवर उभ्या केलेल्या चहाच्या पेटीलाच टीपॉय हे नाव पडलं. आपल्याकडे चार पायांचाही टीपॉय असतो, ते रूढच आहे. इथे मात्र मी ‘चहाचं मेज’ लिहीन. फ्रेंचमध्येही ‘ताब्ल आ ते’च म्हणतात.

ऑर्मोलू म्हणजे मूळ फ्रेंच ‘ऑर मूल्यू’, दळलेलं सोनं. सोन्याची पूड पाऱ्यात कालवायची, तो लगदा ओतीव ब्राँझला माखायचा आणि तापवायचं. पारा वाफ होऊन उडतो, सोनं धातूला धरून राहतं. ती वाफ विषारी. या झळाळीची किंमत कारागिरांनी स्वतःच्या शरीराने मोजली आहे. खुद्द फ्रेंच लोक आज अशा कामाला ‘ब्राँझ दोरे’, म्हणजे सोनेरी केलेलं ब्राँझ, म्हणतात.

आता मुलामा. शब्द अरबी, मुळात अर्थ चकाकीचा. ‘वरवरचा मुलामा’ असं बोलून बोलून आपण त्याला ढोंगाचा वास लावला, हे खरं. पण मुलाम्यातलं सोनं खरंच असतं, थर पातळ एवढंच. नकलीपणा दाखवायला आपल्याकडे ‘गिलिट’ आहे, इंग्रजीतून आलेला. तेव्हा मुलामा निःसंकोच वापरा.

‘जडवलेली’ किंवा ‘मढवलेली’ नक्षी मात्र लिहू नका. जडवतात खडे, मढवतात अख्खा पाट. इथे ब्राँझचे तुकडे वेगळे ओतून, छिन्नीने कोरून, मग स्क्रूने लाकडावर बसवलेले असतात. शोभेबरोबर ते कडेचा नाजूक लाकडी पापुद्राही सांभाळतात. म्हणून ‘बसवलेली’.

पायाच्या टोकावरच्या ब्राँझच्या टोपणाला फ्रेंचमध्ये ‘साबो’ म्हणतात. त्याचे अर्थ दोन: लाकडी पादत्राण आणि जनावराचा खूर. मराठीत ‘खूर’ चपखल बसतो. वाक्य असं होईल: ‘चहाचं जुनं फ्रेंच मेज, कडांना सोन्याचा मुलामा दिलेली ब्राँझची नक्षी बसवलेली, पायांना तशाच ब्राँझचे खूर.’