पत्रं आत्याची, मजकूर कोणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की १९७१च्या युद्धात बाविसाव्या वर्षी जीव गमावलेल्या काकांनी फ्रंटवरून आजीला लिहिलेली पत्रं आणि त्यांचं पश्चिमी स्टार मेडल आत्याच्या ट्रंकेत आहे, तुम्हाला पत्रांचं छोटंसं पुस्तक करायचंय आणि आत्या म्हणते आईने जाण्याआधी हे मला दिलंय, हात लावायचा नाही. वडिलांच्या नावाने नोटीस पाठवू का?

थांबा जरा. कागद वेगळा आणि त्यावरचा मजकूर वेगळा, इथेच सगळ्यांची गल्लत होते. पत्र पोचलं तेव्हा कागद आजीचा झाला पण कॉपीराइट काकांचाच राहिला. काका अविवाहित, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तोही आजीकडेच गेला, आजोबा तेव्हा हयात होते तरी त्यांना काही नाही कारण आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या (हे सांगितलं की लोकांना खरंच वाटत नाही).

आता आजीने स्वतःच्या हाताने पत्रं, मेडल आत्याला दिली असतील तर ती भेट कायद्याने पूर्ण झाली, जंगम वस्तूला लेखी काही लागत नाही. कॉपीराइट मात्र असा हातोहात देता येत नाही, त्याला सहीचा कागद लागतो. तो नाही आणि आजोबा आधीच गेलेले, म्हणून आजीनंतर कॉपीराइट वडील आणि आत्याचा, निम्मा निम्मा. तुमचा स्वतःचा नाही बरं का, वडील आहेत तोवर. फक्त आजीचं मृत्युपत्र खरंच नाही ना ते बघा, त्यात पत्रं आत्याला लिहून दिली असली तर कॉपीराइटही सोबत जातो.

आणि "५० वर्षं उलटली, आता कोणाचाच हक्क नाही" हे मित्राचं म्हणणं सोडून द्या. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या लिखाणाची ६० वर्षं छापल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, तुमची मोजणी अजून सुरूच नाही झाली.

म्हणजे आत्याकडे कागद, पण एकटीला छापता येत नाही. वडिलांचा निम्मा हक्क, पण हातात एक पत्र नाही. नोटिशीने सही मिळणार आहे का? उलट ट्रंकेला कुलूप लागेल. वडिलांना घेऊन जा, तिच्याच घरी तिच्यासमोर स्कॅन करा, कुठली पत्रं वगळायची ते तिला ठरवू द्या, एखाद्यात तिच्याबद्दलच काही असेल, काय सांगावं. मग एका कागदावर दोघांची संमती घ्या आणि त्यात नुसतं "सर्व पत्रे" लिहू नका, एकेका पत्राची तारीख टाका.