कोल्हापूरच्या आसपास मिळणाऱ्या रानफुलांपासून घरी सरबताचा पाक कसा करायचा?

पळसाचा करा. शिमग्याच्या सुमारास माळावर झाडं केशरी पेटलेली असतात, शोधायला लागत नाही. मात्र पांगाराही त्याच दिवसांत लाल फुलतो, त्याच्या खोडाफांद्यांवर काटे असतात. तो नको. कण्हेर तर विषारीच, तिला हातही लावू नका. राधानगरी अभयारण्यातून काही तोडायचं नाही आणि हायवेच्या कडेची धुळकट फुलंही नकोत. सकाळी लवकर झाडाखाली जुनं धोतर अंथरा, ताजी पडलेली फुलं पुरतात.

खरं काम निवडण्यात आहे. फुलाच्या बुडाशी काळपट, मखमली टोपी असते, ती काढाच. तिच्यामुळे पाक तुरट होतो. मी पहिल्यांदा आळस केला आणि घरात काढा म्हणून नाव पडलं.

दोन वाट्या पाकळ्या धुऊन त्यावर अर्धा लिटर उकळतं पाणी ओता, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी मलमलीतून गाळा. जेवढं पाणी तेवढीच साखर, दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर एका लिंबाचा रस. लिंबाने रंग केशरीवरून पिवळ्याकडे उतरतो, घाबरू नका. (चुना घातला की उलट गडद होतो, म्हणून तर रंगपंचमीला वापरतात.)

आपला गूळ घालायचा मोह होईल, पण मग फक्त गूळच लागतो. कोरड्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन आठवड्यांत संपवा. प्यायला एक भाग पाक, चार भाग गार पाणी.