लेगोमध्ये रॅली कार स्वतः बनवायच्या, तर पहिली कुठली? माझं उत्तर: मिनी

तुमचा प्रश्न असा, की तयार सेट न घेता जुन्या आणि नव्या रॅली कार लेगोमध्ये स्वतः बनवायच्या आहेत, तर सुरुवात कुठून करावी. माझ्या मते मिनी कूपर एसपासून. आणि तुकडे जोडायला घ्यायच्या आधी प्रमाण ठरवा.

लेगोच्या तुकड्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात, आणि एका स्टडची जागा ८ मिमीची. आजच्या रॅली१ या जागतिक रॅलीच्या सर्वोच्च गटातली टोयोटा यारिस १,८७५ मिमी रुंद आहे. ती ८ स्टड म्हणजे ६४ मिमी रुंद धरली, तर प्रमाण साधारण १:२९ येतं. त्याच प्रमाणात १,४१० मिमीची जुनी मिनी बरोबर ६ स्टडांत बसते आणि लांबी होते १३ स्टड. दोन्ही गाड्या बनवून शेजारी ठेवा. १९६४, १९६५ आणि १९६७ ची मोंटे कार्लो रॅली जिंकणारी गाडी किती इवलीशी होती, ते तेव्हा कळतं. मला या छंदात सगळ्यात जास्त आनंद याच तुलनेत मिळतो. म्हणून सगळ्या गाड्या एकाच मापात करा असं मी आग्रहाने सांगेन. लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स या तयार सेटच्या मालिकेतल्या गाड्या २०२० पासून ८ स्टड रुंद आहेत, त्यामुळे त्यांचे काच आणि चाकांचे तुकडे यारिसला चालून जातात.

मिनीचं तोंड करताना घाई करू नका. हेडलाइट ब्रिक म्हणजे बाजूलाही स्टड असलेला छोटा तुकडा. त्याच्या बाजूच्या स्टडवर पारदर्शक गोल टाइल (वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा) बसवली की डोळा किंचित आत जातो, आणि तिथेच ती मिनी दिसायला लागते. पुढचे जादा दिवे क्लिपवर लावा, म्हणजे थोडे वळवता येतात. अंग लाल, छप्पर पांढरं. चाकं मात्र सापडतील तेवढी लहान घ्या, खऱ्या गाडीला १० इंची होती. मोठी चाकं लावली की सगळा तोल बिघडतो.

त्यानंतर लान्चिया डेल्टा इंटेग्राले. इटालियन डिझायनर जुजारोने आखलेल्या सरळ रेषा लेगोला मानवतात, आणि १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं जागतिक रॅलीत उत्पादकांचं विजेतेपद मिळवणाऱ्या डेल्टांपैकी एक कपाटात हवीच. खरी अडचण फुगलेल्या मडगार्डांची. अंग ६ स्टडांचं ठेवून जंपर प्लेटने (मधोमध एकच स्टड असलेल्या पातळ तुकड्याने) दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा स्टड बाहेर काढा. उभ्या बाजू आडव्या जोडणीने (स्टड बाजूला वळवून) करायच्या असतील तर एक हिशेब पाठ ठेवा: पाच प्लेटांची जाडी १६ मिमी, म्हणजेच दोन स्टड. हे जमलं की निम्मं काम झालं.

ऑडी स्पोर्ट क्वाट्रो तिसरी घ्या. मूळ क्वाट्रोपेक्षा तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३२० मिमीने कमी, आपल्या मापात ११ मिमी. हे आखूडपण दाखवलं नाही तर ती नुसती क्वाट्रो होईल, ग्रुप बी या १९८० च्या दशकातल्या रॅली गटाची नव्हे.

आराखडा ब्रिकलिंक या लेगोचे सुटे तुकडे मिळणाऱ्या संकेतस्थळाच्या स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करा, तुकड्यांची यादी आपोआप मिळते. सुटे तुकडे त्या यादीनुसारच मागवा.

मी फोंड्यात राहतो, म्हणून गोव्यापुरतं एक सांगतो. इथल्या पावसाळी दमटपणात स्टिकरच्या कडा चवथीपर्यंत सुटायला लागतात. पट्टे शक्यतो रंगीत प्लेटांचेच करा. लान्चियावरचे मार्टिनी या प्रायोजकाचे पट्टे त्यामुळे थोडे जाड दिसतील, पण टिकतील. पांढरे तुकडे उन्हाने पिवळे पडतात, तेव्हा कपाट खिडकीसमोर नको. आणि चिखल दाखवायचा असेल तर रंग फासू नका. दारांच्या खालच्या कडेला तांबूस तपकिरी एक-एक स्टडच्या टाइल विखरून लावा, आपली लाल माती उडाल्यासारखी हुबेहूब दिसते.